वाद ओसरल्यानंतर

सुट्टीत राहायला आलेल्या माझ्या भाचीने कपाटातून भाऊ पाध्यांचा ‘वासूनाका’ काढून घेतला, तो एकेकाळी या पुस्तकावरून मोठे रण माजले होते असे तिने कुठेतरी ऐकले होते म्हणून. ती वास्तुरचना शिकते, मराठी वाचते पण सवडीने, आणि एखादे पुस्तक आवडले नाही तर अर्ध्यावर सोडून देण्याचा संकोच तिला नसतो. हे मात्र तिने पुरे वाचले. चहाच्या वेळी पुस्तक टेबलावर ठेवत तिने विचारले, “मावशी, लोक यात एवढे कशावर चिडले होते गं?” मी तिला सांगू लागले: नाक्यावरच्या पोरांची शिवराळ, हिंदीमिश्रित भाषा जशीच्या तशी छापली गेली, मुलींविषयीचे बोलणे कोणताही आडपडदा न ठेवता आले, आचार्य अत्र्यांनी पुस्तकावर कडाडून हल्ला चढवला. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “भाषेचं मला काहीच वाटलं नाही. पण त्या मुली नाक्यावरून घरी गेल्यावर काय करत असतील, हेच सारखं डोक्यात येत होतं. ते यात कुठेच नाही.” एवढे बोलून ती उठून गेली. मी मात्र त्या वाक्यापाशी अडकून पडले, कारण ‘वासूनाका’च्या बाजूने आणि विरुद्ध मी जे जे वाचले होते त्यात हा प्रश्न कोणी इतक्या साधेपणाने विचारलेला मला आठवत नव्हता.

‘वासूनाका’ 1965 साली आला. कादंबरी म्हणा की एकमेकींत गुंतलेल्या कथा म्हणा, माझ्या हाती तो पडला तेव्हा मी कॉलेजात होते आणि पुस्तकाची बदनामी पुरती जुनी झाली होती. तरीही आमच्या वाचनालयात ते काउंटरमागच्या लोखंडी कपाटात असे. त्या कपाटाचे दार उघडले की डांबरगोळ्यांचा आणि जुन्या खळीचा वास एकदम अंगावर येई, आणि तपकिरी कागदाच्या वेष्टनांमधले कोणते पुस्तक कोणते हे फक्त ग्रंथपालांना कळत असे. “हे तुझ्यासाठी नाही” एवढेच ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, उलट काळजीच होती, आणि म्हणूनच मला प्रत्युत्तर सुचले नाही. शेवटी थोरल्या भावाच्या कार्डावर ते घरी आले. आम्ही लालबागच्या चाळीत राहायचो. वडील गिरणीत कामाला होते. गॅलरीत, नळावर, जिन्याखाली जी बोली दिवसभर कानावर पडे ती छापील पानावर उतरू शकते, आणि पोक्यासारखा पोरगा ‘मी’ म्हणून एक अख्खे पुस्तक बोलू शकतो, याचा मला झालेला आनंद आजही आठवतो. तोवर वाचलेल्या बहुतेक मराठी कादंबऱ्यांतली माणसे सदाशिव पेठेत किंवा बंगल्यांत राहणारी होती आणि त्यांचे प्रणयसुद्धा शुद्धलेखनाचे नियम पाळून चालत. इथे आमचा नाका होता.

आणि त्या नाक्याची दुसरी बाजूही मला पाठ होती. संध्याकाळी क्लासहून परतताना आम्ही मैत्रिणी त्या कोपऱ्याच्या अलीकडेच रस्ता ओलांडून पलीकडच्या पदपथावर जायचो. कोणी काही बोलले तर ऐकू न आल्यासारखा चेहरा ठेवायचा, चालण्याची गती वाढवायची नाही, कारण ती वाढली की हसू ऐकू यायचे. रात्री कंदिलाएवढ्या दिव्याखाली मी ज्या पोक्याच्या आवाजावर खूश होते, तसल्याच पोक्याला टाळण्यासाठी दिवसा रस्ता बदलत होते. या दोन गोष्टी माझ्या मनात शेजारी शेजारी राहिल्या आणि त्यांनी एकमेकींना कधी जाब विचारला नाही. भाचीच्या प्रश्नाने तो जाब पहिल्यांदा मागितला गेला.

अत्र्यांचा आक्षेप मला खोटा वाटत नाही. समाजाने कोणती भाषा पुस्तकात येऊ द्यावी, तरुण मनावर तिचा काय परिणाम होईल, ही त्यांच्या पिढीची खरीखुरी चिंता होती. पण त्या चिंतेच्या केंद्रस्थानी वाचक होता. भाचीच्या मनात वाचक नाहीच, तिथे पुस्तकातली मुलगी आहे. पाने तीच, वाक्ये तीच, फक्त नजर वेगळ्या माणसावर स्थिरावली आहे. मी पुन्हा ‘वासूनाका’ वाचायला घेतला तेव्हा मला असे दिसले की पोक्याच्या फुशारकीला जागोजागी तडे आहेत. थट्टा संपते तिथे एखाद्या मुलीची फरपट अर्ध्या वाक्यात दिसते आणि नाका क्षणभर गप्प होतो. पाध्यांना त्या मुली दिसत होत्या याबद्दल माझ्या मनात शंका नाही. कामगार चळवळीत वावरलेला, नंतर पत्रकारिता केलेला हा लेखक माणसांच्या कोंडीविषयी अनभिज्ञ नव्हता. पण त्याने बोलायला तोंड दिले ते पोरांना, आणि मुलींचे मन वाचकाने कल्पनेने भरून काढायचे ठेवले. माझ्या पिढीने ते भरून काढले नाही. आम्ही शिव्यांच्या बाजूने आणि विरुद्ध भांडत राहिलो.

आक्षेप बदलला, पण पुस्तक निवलेले नाही.

त्याच सुमारास याच मुंबईत एका इंग्रजी कादंबरीवरून जे घडले ते यासोबत आठवल्यावाचून राहत नाही. कुलाब्याच्या ‘हॅपी बुक स्टॉल’वर 12 डिसेंबर 1959 रोजी पोलिसांनी पाठवलेल्या एका बनावट गिऱ्हाइकाने डी. एच. लॉरेन्सची ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ विकत घेतली, आणि दुकानाच्या भागीदारांवर अश्लील पुस्तक विकल्याबद्दल खटला भरला गेला. बचावासाठी मुल्कराज आनंद साक्षीला उभे राहिले आणि त्यांनी कादंबरीचे वाङ्मयीन मोल समजावून सांगितले. दंड झाला अवघा वीस रुपयांचा, पण रणजित उदेशी हे भागीदार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि 1964 साली तिथेही निकाल त्यांच्या विरोधात लागला. न्यायालयाने कसोटी वापरली ती 1868 च्या एका इंग्रजी खटल्यातली: ज्यांची मने अशा प्रभावाला बळी पडण्याजोगी आहेत त्यांना हे लिखाण बिघडवील का? जिथून ही कसोटी आली त्या इंग्लंडात 1960 च्या शरद ऋतूत ज्यूरीने पेंग्विन प्रकाशनाला याच कादंबरीबाबत निर्दोष ठरवले होते. त्या खटल्यात सरकारी वकिलांनी ज्यूरीला विचारले होते की, तुमच्या पत्नीने किंवा नोकरांनी हे पुस्तक वाचावे असे तुम्हाला वाटेल का? ज्यूरीत तीन स्त्रिया बसलेल्या असताना हा प्रश्न विचारला गेला. तो वाचताना मला आमचे लोखंडी कपाट आठवते. लंडनचे न्यायालय असो, दिल्लीचे असो की लालबागचे वाचनालय, भीती पुस्तकाची कमी आणि ते कोणाच्या हाती जाईल याचीच अधिक होती. पत्नी, नोकर, अल्पवयीन, मुली.

फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर रचलेल्या ढिगांतून मी ती कादंबरी घेतली तेव्हा मला बँकेत नोकरी लागली होती. आधीच्या मालकाने पेन्सिलीने खुणा केलेल्या होत्या, आणि त्या सगळ्या अपेक्षित प्रकरणांतच होत्या. पुस्तक हातात सैल धरले की ते त्याच पानांवर उघडे. त्या पानांनी मला फारसे काही दिले नाही. आज वाचताना तर ती काहीशी उपदेशपर वाटतात. लॉरेन्सला देहाविषयी इतके काही पटवून द्यायचे असते की कॉनी ही उमरावाची पत्नी आणि मेलर्स हा तिचा प्रियकर, त्या उमरावाच्या रानाचा रखवालदार, या दोन माणसांपेक्षा त्याचा आवाजच मोठा होतो. नव्या वाचकाने ती प्रकरणे वाचून जांभई दिली तर मी त्याला दोष देणार नाही. ज्या मजकुराचे सगळे बळ मनाईत असते तो मजकूर मनाई उठताच दुबळा होतो, आणि या कादंबरीचा काही भाग तसा दुबळा झाला आहे हे मान्य करायला हवे.

पण ज्या पानांवर एकही पेन्सिलीची खूण नव्हती तिथे मी थबकले. कॉनी मोटारीतून टेव्हरशल या खाणवस्तीतून जाते ते प्रकरण मी कितीतरी वेळा वाचले आहे. काळवंडलेल्या विटांची घरे, पाटीच्या दगडाची काळी छपरे, कोळशाच्या भुकटीने काळा झालेला चिखल, आणि या सगळ्यात राहणाऱ्या माणसांमधली सौंदर्याची जाणीवच मरून गेली आहे की काय अशी कॉनीला वाटणारी धास्ती. इंग्लंडच्या त्या खोऱ्याशी माझा काही संबंध नाही. पण ज्या मुलीने गिरणीच्या भोंग्यावर घरातले घड्याळ चालताना पाहिले, गॅलरीतल्या दोरीवरच्या ओल्या कपड्यांवर धुराचे कण बसताना पाहिले, आणि 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपानंतर तो भोंगा हळूहळू कायमचा बंद झालेलाही ऐकला, तिला ते वर्णन परक्या देशाचे वाटत नाही. कॉनीचा नवरा, खाणमालक क्लिफर्ड चॅटर्ली खाणी फायद्यात आणण्याच्या योजना आखतो तेव्हा कामगार त्याच्या लेखी यंत्राच्या भागासारखे असतात. कॉनी त्यावरून त्याच्याशी वाद घालते, आणि त्याच फेरफटक्यात रानाच्या चढावर त्याची मोटारखुर्ची अडकून बसते. ढकलायला लागतो तो मेलर्सच. तो धापा टाकतो, पांढराफटक पडतो, आणि क्लिफर्डला हुकूम देण्यापलीकडे काही सुचत नाही. कोर्टात हे पान कोणी अश्लील म्हणून वाचून दाखवले नसते. माझ्या मते या कादंबरीतले सर्वांत निर्भीड पान तेच आहे.

आमच्या वाचनगटात हे मी आवेशाने मांडले तेव्हा एका फिजिओथेरपिस्ट मैत्रिणीने मला थांबवले. तिचे म्हणणे असे की, मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसांबरोबर तिचा दिवस जातो, आणि लढाईत जखमी झालेल्या क्लिफर्डच्या अधू शरीराचा लॉरेन्सने त्याच्या कोरड्या मनाचा पुरावा म्हणून उपयोग केला आहे, तो तिला सहन होत नाही. खुर्ची अडकते त्या प्रसंगी आपण सगळे मेलर्सच्या बाजूने असतो, पण दुसऱ्याच्या मदतीविना हलता न येणाऱ्या माणसाची असहायताही त्याच क्षणी तिथे आहे, आणि लेखक तिच्याकडे बघायला तयार नाही. मी उत्तर शोधले. लॉरेन्सने पुढे एका लेखात मान्य केले आहे की क्लिफर्डच्या पांगळेपणात त्याच्या वर्गाच्या भावनिक पांगळेपणाचे प्रतीक दिसते; आपण ते ठरवून केले की आपोआप झाले याची मात्र त्याला खात्री नव्हती. हे मी तिला सांगितले, तर ती म्हणाली, “म्हणजे माझा आक्षेप त्यालाही ठाऊक होता.” मला अजूनही वाटते की क्लिफर्डचा उद्दामपणा त्याच्या जखमेतून आलेला नाही, तो त्याच्या मालकीहक्कातून आलेला आहे आणि कादंबरीत तसे दाखवणारी भरपूर स्थळे आहेत. पण मैत्रिणीचा मुद्दा मला खोडता आलेला नाही. 1960 च्या खटल्यात 35 साक्षीदार या पुस्तकाच्या बाजूने बोलले. त्यांत लेखक होते, प्राध्यापक होते, बिशप होते. या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याकडे कोणी मागितले नव्हते.

जुन्या वादग्रस्त कादंबऱ्या आजच्या वाचकाला भिडतात का, असे विचारणाऱ्यांच्या मनात बहुधा एकच गोष्ट असते: आज त्यातले काही धक्कादायक वाटते का? धक्का हे माप लावले तर उत्तर जवळजवळ नेहमीच ‘नाही’ असे येईल, आणि काही पुस्तकांच्या बाबतीत ते पुरेसेही आहे. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा 1962 च्या ‘रंभा’च्या दिवाळी अंकात आली आणि खटल्यात सापडली. मॅजिस्ट्रेटने निर्दोष ठरवले, उच्च न्यायालयाने दोषी धरून दंड केला, आणि 1969 साली सर्वोच्च न्यायालयाने लेखकाला सोडले. समाजाची मापे वेगाने बदलत आहेत, आणि स्त्रीपुरुषसंबंधांचा नुसता उल्लेखही किशोरांना वर्ज्य मानला तर त्यांना निव्वळ धार्मिक पुस्तकेच वाचावी लागतील, असे त्या निकालात म्हटले आहे. हा निकाल कायद्याचे विद्यार्थी आजही वाचतात. कथा मात्र माझ्या ओळखीच्या कोणीही अलीकडे वाचलेली नाही. काकोडकरांच्या कादंबऱ्यांनी एके काळी सर्क्युलेटिंग लायब्ऱ्या चालवल्या, त्या वाचणाऱ्यांना मी कमी लेखत नाही. माझी आई त्यांच्यापैकीच होती, आणि दुपारच्या त्या तासाभरात तिच्या चेहऱ्यावर येणारा निवांतपणा दुसऱ्या कशाने आलेला मी पाहिला नाही. पण ‘श्यामा’चा वाद मिटला तेव्हा मागे निकाल उरला, ‘वासूनाका’चा वाद मिटला तेव्हा मागे पुस्तक उरले. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. त्यामुळे मुखपृष्ठावर ‘एकेकाळी खळबळ माजवणारी’ अशी पट्टी लावून प्रकाशक जुनी कादंबरी विकायला आणतात तेव्हा मला वाईट वाटते. वाचक खळबळ शोधत आत शिरतो, ती सापडत नाही, आणि तिच्या शेजारीच असलेले काही न पाहता तो बाहेर पडतो.

आपल्याकडे याचे सर्वांत बोलके उदाहरण मला विभावरी शिरूरकरांचे वाटते. 1933 साली ‘कळ्यांचे निःश्वास’ आले आणि त्यापाठोपाठ 1934 मध्ये ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी. शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित किंवा संसारातून बाहेर पडलेल्या स्त्रियांच्या मनातल्या इच्छा एका बाईने स्वतःच्या आवाजात लिहाव्यात याने महाराष्ट्र हादरला, आणि त्या वादळाचा बराचसा भाग ही विभावरी कोण हे शोधण्यातच खर्च झाला. टोपणनावामागे बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, होत्या हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. ज्या इच्छांच्या उल्लेखाने तेव्हा कानावर हात ठेवले गेले त्या आज कोणत्याही मालिकेत संध्याकाळी सात वाजता बोलून दाखवल्या जातात. मग उरले काय? ‘कळ्यांचे निःश्वास’ कादंबरी नाही, पण त्यातल्या ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ या कथेचे नुसते शीर्षक वाचले तरी मला माझ्या बँकेतल्या कर्जविभागाचे टेबल दिसते.

त्या टेबलावर मी बरीच वर्षे काढली. गृहकर्जाच्या अर्जावर वडील अर्जदार, मुलगी सहकर्जदार, असे कागद वरचेवर येत. वडिलांची निवृत्ती जवळ आलेली असल्यामुळे परतफेडीची मुदत मुलीच्या वयावर आणि पगारावर बेतलेली असे. घर कोणाच्या नावावर होणार हे विचारणे माझ्या कामाचाच भाग होता, आणि कितीदा तरी उत्तर येई, वडिलांच्या आणि भावाच्या. मुलगी सही करताना वर बघत नसे. लग्न लांबवा असे तिला कोणी सांगितलेले नसते. तिच्या पगारातून हप्ता जाऊ लागला की ते आपोआप लांबते, आणि घरात सगळे तिच्यावर मनापासून प्रेमही करत असतात. विभावरींनी नेमके हे पाहिले होते. या कोंडीत कोणी खलपुरुष नाही, बाबा वाईट नाहीत, आणि म्हणूनच मुलीला भांडता येत नाही. 1933 च्या टीकाकारांना त्या कथांमधली वासना दिसली, पगार दिसला नाही.

निवृत्त होण्याआधी माझ्या हाताखाली आलेल्या एका तरुण सहकारी मुलीला मी ते पुस्तक दिले होते. तिचे वडील आजारी, भाऊ इंजिनिअरिंगला, आणि घराचा हप्ता तिच्या खात्यातून. काय द्यावे याचा मी बराच विचार केला होता, कारण आरसा दाखवल्यासारखे तिला वाटू नये अशी माझी इच्छा होती. पुस्तक परत करताना तिने स्पष्ट सांगितले की भाषा तिला जड गेली, काही कथांतले उसासे नकोसे झाले, आणि इतक्या हुशार मुली इतक्या रडतात का हे कळले नाही. मी काही बोलले नाही. मग तिने माझ्या टेबलासमोरची खुर्ची ओढली आणि तिच्या घराच्या मालकीच्या दस्तात तिचे नाव सहमालक म्हणून आता घालता येते का, त्यासाठी कोणते कागद लागतात आणि मुद्रांक शुल्क किती पडेल, हे ती विचारू लागली. बोलता बोलता जेवणाची सुट्टी संपली. जाताना ती म्हणाली, “त्यांची ती दुसरी कादंबरी आहे ना, ‘हिंदोळ्यावर’, ती पण आणा.”